घट एक, चित्रे चाळीस



कर्मभूमीच्या आरंभी भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेचे सहा मार्ग शिकवले, असे आपली परंपरा सांगते : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. यांतले वाणिज्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतके आत्मसात केले, की उरलेल्या पाचांची नावेही पाठशाळेत पाठ करण्यापुरती राहिली. वास्तविक वाणिज्य आणि शिल्प ही एकाच पंक्तीत बसलेली भावंडे आहेत. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवंतांनी आपल्या अपत्यांना विद्या दिल्याचे वर्णन आहे. ब्राह्मीला लिपी मिळाली, सुंदरीला अंक मिळाले आणि अनंतविजय या पुत्राला चित्रकला मिळाली. श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्र पुरुषांच्या ७२ आणि स्त्रियांच्या ६४ कलांचा उल्लेख करते. म्हणजे ज्या घरी हिशोब शिकवला गेला, त्याच घरी रेषाही शिकवली गेली.

आज आपल्या घरांत काय घडते? मुलगा आठवीत गेला, की गणिताची शिकवणी ठरते, इंग्रजीची ठरते. आणि वेळापत्रकातील चित्रकलेच्या तासिकेला आपण ‘रिकामा तास’ असे नाव देतो. या महिन्यात त्या रिकाम्या समजल्या गेलेल्या तासाविषयी लिहावयाचे आहे.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर हा तालुका आहे. चुलबंद आणि वैनगंगा या नद्यांचा हा प्रदेश. वैनगंगा ओलांडली, की गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज. मुलूख धानाचा. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीनंतर मंडई आणि हिवाळाभर झाडीपट्टीची नाटके, असे येथील वर्ष फिरते. अशा तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेच्या एकाच वर्गात नाना घरची मुले बसतात. कोणी बांधीत राबणाऱ्या मजुराची मुलगी असते, कोणी शिक्षकाचा मुलगा, कोणी किराणा अथवा कापड दुकानदाराचा. मोठ्या शहरातील शाळा मुलांची घरच्या ऐपतीनुसार वाटणी करून टाकतात. लाखांदूरसारख्या गावी ती सोय नाही, आणि हे त्या गावाचे भाग्यच मानावे. कारण चित्रकलेच्या वर्गाला मायेचे वातावरण कसे लाभते आणि ते कशाने बिघडते, हे अशा मिश्र वर्गातच स्पष्ट दिसते.

प्रथम वयाचा विचार करू. लहान मूल निःशंकपणे चित्र काढते. माणूस घरापेक्षा उंच निघाला तरी त्याला खंत नसते. मात्र नऊ-दहा वर्षांपासून मुलाला आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ हवेसे वाटू लागते. बारा-तेराव्या वर्षी ही इच्छा तीव्र होते आणि हात तिला पुरा पडत नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्था मांडल्या आहेत. या वयातील मूल स्वतःच्या कामाचे कठोर परीक्षक बनते, हा त्यांतील महत्त्वाचा भाग. म्हणून ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य बालवाडीत ऐकू येत नाही. ते माध्यमिक शाळेत ऐकू येते. ज्या वर्षी मुलाला सर्वांत अधिक आधार हवा असतो, नेमक्या त्याच वर्षी आपण तो काढून घेतो. मग मूल कुंचला खाली ठेवते आणि बहुधा आयुष्यभर पुन्हा उचलत नाही. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटते : आपल्याला न जमणाऱ्या गोष्टीपाशी न लाजता बसून राहण्याचे धैर्य. व्यापारी कुटुंबाला या धैर्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता वस्तुचित्राचा तास डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी स्टुलावर एक मातीचा घट ठेवला आहे आणि भोवती चाळीस मुले बसली आहेत. खिडकीकडील मुलाला घटाची उजळ बाजू दिसते, भिंतीकडील मुलीला छायेची. उंच बाकावरच्याला घटाचे तोंड रुंद अंडाकृती दिसते, खाली बसलेल्याला ती जवळजवळ एक आडवी रेघ वाटते. घट एक, चित्रे चाळीस. आणि प्रत्येकाने मन लावून पाहिले असेल, तर चाळीसही खरी. अनेकांतवाद समजावताना आपले आचार्य घटाचेच उदाहरण घेतात, हा योगायोग किती सुंदर आहे! ‘एका अपेक्षेने आहे, एका अपेक्षेने नाही’ हे स्याद्वादाचे सूत्र पाठशाळेत मुलांना अवघड जाते. तेच वस्तुचित्राच्या वर्गात त्यांच्या डोळ्यांनाच उमगते. शेजाऱ्याची वही पाहून ‘तुझे चुकले’ म्हणण्यापूर्वी त्याच्या जागी जाऊन बसावे लागते, हा धडा ज्या वर्गात मिळतो, त्या वर्गाला रिकामा तास कसे म्हणावे?

परंतु हा धडा आपोआप मिळत नाही. शिक्षकांनी फळ्यावर एक घट काढला आणि सर्व मुलांनी तो उतरवला, तर चाळीस चित्रे एकसारखी होतील आणि त्यांतले एकही पाहिलेले असणार नाही. म्हणून जाणते कलाशिक्षक काही पथ्ये पाळतात. ते मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढत नाहीत. काही दाखवायचे असेल, तर बाजूला दुसरा कागद घेतात. कागद मुलाचा, तर त्यावरील चूकही मुलाची. ती दुरुस्त करण्याचा मानही त्याचाच. ते पहिल्या पाच मिनिटांत खोडरबर हाती घेऊ देत नाहीत. आधी पाहा, मग फिकट रेघ काढा, चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढा, असे सांगतात. ‘छान’ आणि ‘वाईट’ हे दोन शब्द ते जपून वापरतात. त्याऐवजी विचारतात : येथे सावली इतकी गडद का झाली? उजेड कोठून येतो आहे? अशा प्रश्नाने मूल पुन्हा घटाकडे पाहते. नुसत्या ‘छान’ने ते शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. आणि महिनाअखेरीस भिंतीवर चित्रे लावायची, तर केवळ उत्तम पाच लावत नाहीत, सर्वांची लावतात. नेहमी त्याच पाच मुलांची चित्रे लागली, तर उरलेल्या पस्तिसांना भिंत रोज एकच गोष्ट सांगत राहते.

पाच समितींमध्ये भाषासमितीचे स्थान आपण जाणतो. हित, मित आणि प्रिय बोलावे, हा साधूंचा आचार. श्रावकाने तो यथाशक्ती अंगीकारावा. चित्र हे मुलाचे न उच्चारलेले वाक्य असते. त्यावर ‘हा काय घोडा आहे?’ असे हसणे ही वाणीची हिंसाच होय. या संदर्भात ज्ञाताधर्मकथा या आगमातील एक प्रसंग मननीय आहे. श्वेतांबर परंपरेतील ही कथा मिथिलेच्या राजकुमारी मल्लीची. तिचा बंधू मल्लदिन्न याने चित्रसभा उभारली. तेथील एका चित्रकाराला पडद्याआडून मल्लीच्या पायाचा केवळ अंगठा दिसला होता. तेवढ्यावरून त्याने तिचे संपूर्ण रूप भिंतीवर उतरवले. ते इतके हुबेहूब होते, की राजकुमार प्रत्यक्ष भगिनी समोर आहे असे समजून संकोचला. चित्र आहे हे कळल्यावर त्याचा संकोच संतापात बदलला आणि त्याने त्या कलावंताला मृत्युदंड फर्मावला. चित्रकारांच्या श्रेणीने एकत्र येऊन विनवणी केली, तेव्हा प्राण वाचले. पण त्याची चित्र काढणारी बोटे छाटून त्याला देशाबाहेर घालवण्यात आले.

या कथेचा आगमातील आशय अर्थातच अधिक गहन आहे. परंतु पालक म्हणून त्यात एक इशारा सापडतो. मोठ्या माणसाला संकोच झाला आणि शिक्षा बोटांना मिळाली. पाहुण्यांसमोर ‘याला अभ्यास नको, नुसती चित्रे हवीत’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही काही बोटे छाटत असतो. रक्त दिसत नाही, एवढाच फरक. आणि त्या श्रेणीसारखे विनवणी करणारे कोणी तरी घरात असावे लागते. बहुधा ती आजी असते.

वर्गातील वातावरण बिघडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे रंगपेटी. हा विषय थेट आपल्याशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एका मुलाच्या दप्तरात २४ रंगांची पेटी असते, त्याच्या शेजारणीकडे अर्धा तुटलेला एकच खडू. तास सुरू होण्यापूर्वीच दोघांना आपापली पायरी कळलेली असते. मागून घेणारी मुलगी हळूहळू मागणे सोडते आणि नंतर ‘मला चित्रकला आवडत नाही’ असे सांगू लागते. याला उपाय सोपा आहे व तो आपल्या संघव्यवस्थेतच आहे. आपल्याकडे ‘साधारण खाते’ असते. त्यातील द्रव्य कोणा एकाचे नसते, ज्या क्षेत्री उणीव असेल तेथे ते उपयोगी पडते. चित्रकलेच्या वर्गातही असे साधारण खाते असावे. सर्व रंग एका पेटाऱ्यात, सर्व कुंचले एका डब्यात. तास संपला, की धुऊन, मोजून परत. आपल्या मुलाला महागडी पेटी घेऊन देण्याऐवजी तेवढ्याच रकमेचे रंग वर्गाच्या पेटाऱ्यात दिले, तर आपला मुलगाही त्यातूनच रंग घेईल. अपरिग्रहाचा हा संस्कार प्रवचनापेक्षा खोल रुजेल.

रंगसाहित्याचा विषय निघालाच आहे, तर अहिंसेच्या दृष्टीने एक सूचना. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची स्टेशनरीची दुकाने आहेत. चित्रकलेचे काही कुंचले प्राण्यांच्या केसांपासून बनतात. मुंगसाच्या केसांसाठी त्या प्राण्यांची हत्या होते आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा कुंचल्यांचा व्यापार निषिद्ध आहे. कृत्रिम तंतूंचे चांगले कुंचले आज सहज मिळतात. दुकानदाराने माल मागवताना एवढी विचारपूस केली आणि गावच्या शाळेला कृत्रिम तंतूंचेच कुंचले पुरवले, तर अहिंसा गल्ल्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल. तसेच शाळेचे तयार प्रकल्प, तयार तक्ते, काढून दिलेली चित्रे विकण्यातील मोहही टाळावा. पाठशाळेच्या चित्रस्पर्धेत मातांनी काढलेली चित्रे मुलांच्या नावे बक्षीस मिळवतात, हे आपण सारे पाहतो आणि कौतुकाने हसतो. त्या हशात मूल एवढेच शिकते, की आपले स्वतःचे चित्र दाखवण्याजोगे नाही.

साहित्य विकतचेच हवे, असेही नाही. लाखांदूरच्या परिसरात नदीकाठची माती आहे, धानाची तणस आहे, गेरू, चुना, हळद आणि काजळ घरोघरी आहे. फाल्गुनात पळस फुलतो आणि त्याच्या फुलांपासून केशरी-पिवळा रंग निघतो. आपल्या घरांतील मुले मंदिरात तांदळाची गहुली काढतात : स्वस्तिक, ज्ञान-दर्शन-चारित्र्याच्या तीन ढिगल्या, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. ती रचना समतोल यावी म्हणून बोटे जी काळजी घेतात, तेच संकल्पचित्राचे पहिले शिक्षण होय. झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे, मंडईतील दंडार, सारवलेल्या अंगणातील रांगोळी यांकडे शिक्षकांनी बोट दाखवले, तर मजुराच्या मुलीला प्रथमच उमजते, की आपल्याही घरी कला आहे.

याच विदर्भात याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम आकाराला आली. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे तरुण चित्रकार १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहून त्यांनी मुलांना कला शिकवली. पुढे त्यांनी ‘शिक्षा का वाहन : कला’ हा ग्रंथ लिहिला. नावातच त्यांचा सिद्धांत आहे : कला ही शिक्षणाच्या ताटातील चटणी नव्हे, शिक्षण ज्यावर स्वार होऊन येते ते वाहन आहे. सूत कातणाऱ्या, शेतात काम करणाऱ्या खेड्यातील मुलांच्या चित्रांना त्यांनी मोठ्यांच्या मापाने मोजले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या आणखी निकटचे आहे. जगप्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्यप्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. शाळेत त्यांचे चित्त स्थिर राहत नसे. गुरुजींनी छडी उगारली नाही. त्यांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितले. तो बिंदू पुढे त्यांच्या चित्रांचे केंद्र बनला. नागपूरच्या कलाशाळेत शिकल्यावर आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत जाण्यापूर्वी रझा काही काळ गोंदियाच्या शाळेत चित्रकला शिक्षक होते. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. ते १९९९ साली वेगळे झाले. म्हणजे ज्या जिल्ह्यात लाखांदूर आहे, त्या जिल्ह्याच्या एका शाळेत एके काळी रझांनी मुलांना रेघ ओढावयास शिकवले. आपण ज्यांना ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्यांच्याकडे पाहताना हे आठवावे.

आज या सरांचीच जागा धोक्यात आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कला हा विषय दहावीपर्यंत असावा असे म्हटले. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आवश्यक मानला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांत भिंत नको असे सांगितले. कागदावर सारे आहे. प्रत्यक्षात निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची जागा अनेक शाळांत रिकामीच राहते आणि तासिका दुसऱ्या विषयाला जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे थोडी जाग राहते, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षा अवश्य द्याव्यात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांनी हाताला शिस्त लागते. मात्र गुणांसाठी महिनाभर गिरवून घेणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे. पेरणी न करता कापणीला जाण्यासारखे ते आहे.

येथे व्यापारी समाजाचे कर्तव्य सुरू होते. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली उभी राहिली, ती जमशेटजी जीजीभाई या व्यापाऱ्याच्या दानातून. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या श्रावक-श्रेष्ठींनी लिहवून, रंगवून घेतल्या आणि ज्ञानभंडारांना अर्पण केल्या. वेरूळच्या इंद्रसभेच्या छतावर आजही रंगांचे अवशेष आहेत. त्या रंगांचा खर्चही कोणी तरी दात्याने उचलला असेल. कलेला आश्रय देणे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. केवळ भिंतीवर नाव कोरले जाईल अशा दानाकडे आपला ओढा वाढला आहे, एवढेच.

म्हणून या वर्षी ज्ञानपंचमीला अथवा मुलाच्या वाढदिवशी, आपण जेथे व्यापार करतो त्या गावच्या शाळेत जावे. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. चित्रकलेचे शिक्षक आहेत का? नसल्यास ती जागा भरण्यासाठी पालकांनी कोणाकडे निवेदन द्यावे? आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून देता येतील का? कारण पस्तीस मिनिटांच्या तासात पाणी आणणे आणि कुंचले धुणे यांतच निम्मा वेळ जातो. वर्गाच्या पेटाऱ्यात काय उणे आहे? उत्तर बहुधा फार महाग नसते : चाळीस पॅड, काही डझन कुंचले, मूळ रंगांच्या मोठ्या बाटल्या, चित्रे टांगण्यासाठी दोरी आणि चिमटे. दानाचा फलक मात्र लावू नये. त्या भिंतीवर जागा मुलांच्या चित्रांसाठी हवी.

आणि घरी? मूल चित्र घेऊन आले, की दुकानातील ग्राहक क्षणभर थांबवावा. कापडाचा व्यापारी दिव्याखाली आणि उन्हात रंग पारखून घेतो. तसेच ते चित्र दारात नेऊन उजेडात पाहावे. गुण देऊ नयेत. ‘हे तू कोठे बसून पाहिलेस?’ एवढेच विचारावे. मूल सांगू लागेल आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाच आपल्या चित्रातील आणखी काही दिसेल. बाहेरून दिलेले बक्षीस संपते. स्वतः पाहिलेले संपत नाही. सम्यक् दर्शनाची वाट फार लांबची आहे, ती चित्रकलेच्या तासाने चालून होणार नाही. परंतु समोरची वस्तू आहे तशी, शांतपणे, द्वेष-मोहाविना पाहण्याचा सराव ज्याला बालपणी घडला, त्याचे पाऊल त्या वाटेवर अडखळणार नाही, एवढी आशा करण्यास काय हरकत आहे?

जय जिनेंद्र.